बारसे सर, मॅजिक बस आणि आमचा रविवारचा ग्रुप

गेले काही महिने जो तो एकच विचारतोय, तुम्ही एनजीओ का काढत नाही? ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आमचे बाबा पण विचारतात, कारण त्यांच्या मते संस्था काढली की निदान एक लेटरहेड तरी होतं, नुसतं उन्हात पोरांमागे धावण्यापेक्षा बरं. तर आधी सांगतो हे काय चाललंय. आम्ही काही मित्र गोव्यात वास्कोत राहतो, कुणी वेर्ण्याला कंपनीत, कुणी पोर्टात, एकाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि रविवारी सकाळी बायणा आणि मांगोर हिलच्या बाजूची पोरं जमवून फुटबॉल खेळतो. एवढंच. नाव नाही, बँक अकाउंट नाही, बॉल फाटला की ग्रुपवर मेसेज जातो आणि दुकानवाल्याच्या जीपेवर पैसे जमतात. आता ऑफिसातल्या एकाने सांगितलं की सीएसआरचा पैसा, म्हंजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्च करायचा पैसा, पडून असतो रे, फक्त तुमची संस्था रजिस्टर पाहिजे, आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपवर रोज रात्री वादावादी. म्हणून मी जरा वाचायला बसलो की ज्यांनी अशा संस्था काढल्या, नागपूरचे बारसे सर, मुंबईची मॅजिक बस वगैरे, त्यांनी सुरुवात कशी केली आणि मोठ्या झाल्यावर त्यांचं काय झालं. तेच इथे लिहितोय, थोडं विस्कळीत आहे, चालवून घ्या.

पोरं कोण ते आधी. बाहेरच्या माणसाला गोवा म्हटलं की नारळाची झाडं नि शॅक दिसतात पण २०११ च्या जनगणनेत गोव्यातली ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, देशातल्या सगळ्या राज्यांत जास्त. म्हंजे आपण गावं गावं म्हणत बसलो तरी राज्य शहरी आहे आणि शहर आलं की शहराची पोरं पण आली. मडगावचा मोती डोंगर, चिंबलचं इंदिरानगर, ताळगावचं कामराभाट, आमच्याकडे झुआरीनगर आणि बायणा. बरीचशी घरं गदग, बागलकोट, विजापूरकडून आलेली, आता आलेली म्हणणं पण चूक आहे कारण पोरांच्या आयाच इथल्या हॉस्पिटलात जन्मल्यात. घरात कन्नड, गल्लीत हिंदी, दुकानात कोंकणी आणि प्रायमरीत मराठी. हो, मराठी. गोव्यात सरकारी प्रायमरी शाळा बहुतेक मराठी नाहीतर कोंकणी, आणि शहराजवळच्या कितीतरी मराठी शाळांचे वर्ग आज ह्याच पोरांमुळे भरतात, आपले मराठीप्रेमी लोक आपली पोरं इंग्लिश मिडियमला घालून सभेत मराठीवर भाषण करतात ती गोष्ट वेगळी.

आणि मग पाचवी येते. पाचवीपासून हायस्कूल, जवळजवळ सगळीकडे इंग्लिश. घरी कन्नड बोलणारं पोर मराठीत बेरीज वजाबाकी शिकून आलंय त्याला एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सायन्स इंग्लिशमध्ये. आठवीपर्यंत नापास न करता ढकलत नेण्यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे कुणाला काही कळायचं नाही, नववीला मात्र आपटतो. आमच्या ग्रुपमधली जी पोरं शाळेतून सुटली ती जवळपास सगळी नववीला सुटली. दारू, गांजा, नशेसाठी हुंगायचं सोल्युशन हे सगळं नंतर येतं. आधी येतो तो मोकळा वेळ. सकाळी दहा वाजता कुठे जायचं हा प्रश्न ज्या पोराला पडतो त्याच्याकडे उत्तर घेऊन येणारे लोक असतातच, कुणी जेटीवर मासळी निवडायला नेतो, कुणी केटरिंगला, कुणी मटक्याच्या चिठ्ठ्या गोळा करायला बसवतो. मटक्यावाला तर वेळेचा पक्का. रोज येतो, नाव घेऊन हाक मारतो, चहा पाजतो. एखाद्या संस्थेच्या माणसाने त्याच्याकडून शिकावं.

मी हे उगाच नाही म्हणत. नागपूरच्या विजय बारसे सरांची गोष्ट वाचताना मला सारखं हेच आठवत होतं. बारसे सर हिस्लॉप कॉलेजात खेळाचे मास्तर. २००१ चा पावसाळा, सर कुठेतरी आडोशाला थांबलेत आणि समोर झोपडपट्टीतली पोरं चिखलात एक फुटकी प्लॅस्टिकची बादली लाथाडत खेळतायत. सरांनी त्यांना बॉल आणून दिला. गोष्ट इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते, कार्यक्रमांत पण एवढीच सांगतात, टाळ्या पडतात. पण बॉल काय, कुणीही देईल. आमच्याकडे निवडणुकीच्या आधी वॉर्डात इतके बॉल येतात की पोरं विकून टाकतात. बारसे सरांचं वेगळं काय तर त्यांच्या डोक्यात आलं की जितका वेळ ही पोरं बॉलमागे असतात तितका वेळ ती दुसऱ्या कशाच्या मागे नसतात, आणि ते परत परत गेले. आणि नुसते गेले नाहीत, टुर्नामेंट भरवली, नाव सरळ झोपडपट्टी फुटबॉल, खेळायचं तर झोपडपट्टीतलाच पाहिजे, आणि १२८ टीम आल्या. १२८! आमच्याकडे आठ टीम जमवताना नाकीनऊ येतात आणि त्यातल्या दोन ऐनवेळी येत नाहीत.

एक गंमत मध्येच सांगतो. हिस्लॉप कॉलेज सुरू झालं १८८३ ला. आणि गोव्यात फुटबॉल आला तोही १८८३ लाच, फादर विल्यम लायन्स म्हणून एक पाद्री शिवोलीला आले आणि शाळेतल्या पोरांना खेळायला शिकवलं असं सगळे सांगतात. ह्या योगायोगाला काही अर्थ नाही, मला आवडला म्हणून लिहिला. पण ह्यातून एक दिसतं की गोव्यात फुटबॉल सुरुवातीपासून शाळा आणि चर्च ह्यांच्या अंगणात वाढला, मग गावच्या क्लबात, मग साळगावकर, धेंपो, चर्चिल अशा मोठ्या क्लबांत. वास्को क्लब तर १९५१ चा. फुटबॉल म्हंजे राज्याचा खेळ, सरकारनेच जाहीर केलेला. आणि तरी बायण्याच्या पोराला बॉल घेऊन उभं राहायला जागा नाही. मैदानं आहेत, पण प्रत्येकाची मालकी कुणाची तरी, शाळेची, क्लबची, पंचायतीची, कोमुनिदादीची (गावच्या सामायिक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था). एका मैदानावर आम्ही वर्षभर खेळलो, कुणाचं काही म्हणणं नव्हतं, एक दिवस गेटला कुलूप. विचारलं तर म्हणाले बाहेरची पोरं घाण करतात. बाहेरची! ज्या पोराबद्दल बोलत होते तो तिथून दोन गल्ल्या पलीकडे जन्मलाय. नागपुरात काय असेल माहीत नाही पण सरांनी पुढे रिटायरमेंटच्या पैशातून शहराजवळ जमीन घेतली ती का घेतली असेल ते मला गेटवरचं कुलूप बघून नीट कळलं. आमच्या रिटायरमेंटच्या पैशात वास्कोत जमीन सोडा, पार्किंग येणार नाही.

तर झोपडपट्टी फुटबॉलचं झालं स्लम सॉकर. सरांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला होता, वडिलांच्या कामाबद्दल छापून आलेलं त्याने तिकडे वाचलं आणि परत आला. ही माझ्या मते गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. कारण एक माणूस तळमळीने काय करू शकतो त्याला मर्यादा आहे, सर किती धावणार, सरांचं वय झालं की काय, हा प्रश्न प्रत्येक अशा कामाला येतो. सर म्हंजे ओढ, मुलगा म्हंजे एक्सेल शीट, असं मी आमच्या ग्रुपवर लिहिलं तर सगळे हसले पण खरंच दोन्ही लागतं. मग कोच तयार करणं, खेळातून गणित शिकवणं, मुलींसाठी वेगळा कार्यक्रम, हे सगळं पुढे आलं, आणि २०१६ ला फिफाने त्यांना डायव्हर्सिटी अवॉर्ड दिलं. फिफा हो, झुरिकवाली.

होमलेस वर्ल्ड कप म्हणून एक स्पर्धा असते, २००३ ला ऑस्ट्रियात ग्राझला पहिली झाली, भारतातून टीम पाठवतात ती स्लम सॉकरच. मैदान छोटं, एका बाजूने चारच जण, सात सात मिनिटांचे दोन हाफ. पण मला आवडला तो दुसराच नियम, ह्या स्पर्धेत माणूस आयुष्यात एकदाच खेळू शकतो. कितीही चांगला खेळला तरी पुढच्या वर्षी तो नाही, दुसरा कुणीतरी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अन्याय वाटला. मग लक्षात आलं की नेमकं हेच आमच्याकडे चुकतं, आपण एक चमकणारं पोर शोधतो, त्याला क्लबात घुसवतो, पेपरात फोटो, आणि बाकीचे वीस तसेच. नागपूरचा एक पोरगा, पोलीस मागे लागलेला, मारामाऱ्यांत अडकलेला, तो ह्या खेळात आला आणि २०१० ला रिओला भारताचा कॅप्टन होता. पण खेळाडू म्हणून त्याचा वर्ल्ड कप तिथेच संपला. नंतर तो कोच झाला. म्हंजे त्याच्यावर लागलेली मेहनत पुढच्या पोरांकडे गेली, मोठ्या क्लबाकडे गेली नाही.

मॅजिक बसची सुरुवात पण अशीच नकळत झालेली. मॅथ्यू स्पेसी हा इंग्रज माणूस, मुंबईत कॉक्स अँड किंग्ज ह्या ट्रॅव्हल कंपनीत मोठ्या पदावर, बॉम्बे जिमखान्याकडून रग्बी खेळायचा. मैदानाच्या कडेला फॅशन स्ट्रीटची पोरं उभी राहून बघायची, ह्याने त्यांना आत बोलावलं. त्यातून १९९९ ला मॅजिक बस. नावात बस आहे कारण वस्तीतल्या पोरांना खरोखर बसमध्ये घालून मुंबईबाहेर न्यायचे, डोंगर, मोकळी हवा, खेळ. ऐकायला किती छान आहे. आणि तरी त्यांना पुढे दिसलं की एक दिवस डोंगरावर नेऊन संध्याकाळी परत त्याच गल्लीत सोडलं की फार काही टिकत नाही, मग त्यांनी काम वस्तीतच आणलं, दर आठवड्याला ठरलेला सेशन, आणि तो घेणारा माणूस वस्तीतलाच तरुण पोरगा नाहीतर पोरगी. मला ह्या लोकांचं कौतुक वाटतं ते इथे. बस हे त्यांचं नाव होतं, फोटो बसचे, लोक पैसे देणार ते बस बघून, आणि तरी त्यांनी बसला मागे टाकलं. आमच्याकडे एखाद्या मंडळाला साधा गणपतीचा मांडव दोन फूट सरकवायला सांगून बघा.

पुढे त्यांना आणखी एक भिंत लागली. पोर आठ वर्षांचं असताना आलं, खेळलं, शाळेत टिकलं, अठरा वर्षांचं झालं. आता? आता नोकरी पाहिजे. नाहीतर एवढं करून ते पोर परत त्याच नाक्यावर. म्हणून अठराच्या पुढच्या मुलांसाठी नोकरीची तयारी करून घेणारी सेंटर्स आली, इंटरव्ह्यू, कॉम्प्युटर, बोलायचं कसं, हे सगळं. हे वाचताना मी आमच्या मोठ्या पोरांचा विचार करत होतो. आमचा गोलकीपर आता एका हॉटेलात हाऊसकीपिंगला लागलाय, ते पण आमच्यापैकी एकाचा भाऊ तिथे होता म्हणून, आणि सीझन संपला की घरी. मे संपला की गोव्यात अर्धी पोरं घरी बसतात, आणि जून ते सप्टेंबर हाच काळ सगळ्यात वाईट, मैदानात पाणी, कामं बंद. इथे संस्था काढायची असेल तर पावसाळ्याचं आधी बघावं लागेल.

बायण्याबद्दल लिहायचं आणि २००४ बद्दल नाही असं होऊ शकत नाही. १४ जूनला, भर पावसाळ्यात, बुलडोझर लावून बायण्याची वेश्यावस्ती पाडली. मी तेव्हा कॉलेजात. वास्कोतल्या चांगल्या घरांत आनंद होता, शहराचं नाव सुधारेल म्हणून. बायका आणि त्यांची पोरं कुठे गेली हे विचारणारे फार थोडे होते, त्यात अर्ज ही संस्था, अन्याय रहित जिंदगी, नव्वदच्या दशकापासून तिथेच काम करत होती. अरुण पांडे आणि त्यांचे लोक. त्यांनी पुढे एक लॉन्ड्री काढली, स्विफ्ट वॉश, ह्या धंद्यातून सुटलेल्या बायका आणि त्यात ओढल्या जाऊ शकणाऱ्या पोरींना पगारी काम. शिलाई मशीन वाटप नाही, अगरबत्ती नाही, सरळ कंपन्यांचे कपडे धुणारी लॉन्ड्री, हॉटेलांच्या राज्यात चादरी कधी संपणार? ही अक्कल मला फार आवडते. आपल्या गावात कशाला गिऱ्हाईक आहे ते बघून काम काढलं. समुपदेशन वगैरे पाहिजेच पण महिन्याच्या सात तारखेला पगार आला नाही तर समुपदेशन कोण ऐकतंय.

आता जरा कडू बोलतो. संस्थापक म्हटला की आपण लगेच देवमाणूस म्हणतो. गोव्याला हे परवडत नाही. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा माणूस अनाथ पोरांसाठी आश्रम चालवायचा, लोकांत मान, सगळे त्याला मोठा समाजसेवक समजायचे. १९९१ ला पकडला तेव्हा पोरांचे दोन हजारांवर फोटो सापडले, परदेशी गिऱ्हाइकांना पोरं पुरवायचा. १९९६ ला जन्मठेप झाली, तुरुंगातच मेला. ही केस तडीला जावी म्हणून शीला बारसे ह्या पत्रकार बाई मागे लागल्या (आडनाव तेच पण नागपूरच्या सरांशी संबंध नाही, ह्या तुरुंगातल्या बायका आणि पोरांसाठी सुप्रीम कोर्टात गेलेल्या शीला बारसे). पुढे २००३ ला गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला, वेगळं बाल न्यायालय आलं, असा कायदा करणारं गोवा पहिलं राज्य. आता तर पॉक्सो, म्हंजे पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, पण आहे, कळूनही कळवलं नाही तर तो गुन्हा.

म्हणून कुणी मला म्हणतं ना की तुम्ही एवढं चांगलं काम करता तुम्हाला कशाला नियम, तेव्हा मला राग येतो. आम्हालाच नियम पाहिजेत. आम्ही सगळे पुरुष, पोरं लहान, आईबाप कामावर, आमच्यावर कुणाचं लक्ष नाही. रजिस्टर संस्थेचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा पैसा नाहीच, हा आहे, की कुणीतरी विचारणारा असेल. कोण कुठल्या पोराला बाईकवरून घरी सोडतो, ट्रिपला जाताना बाई कोण आहे सोबत, फोटो कुठे टाकता. आम्ही आत्ताच ठरवून टाकलंय की एकट्या पोराला एकट्याने कुठेही न्यायचं नाही. सुरुवातीला ग्रुपमधल्या एकाला वाईट वाटलं, माझ्यावर विश्वास नाही का म्हणून. विश्वासाचा प्रश्नच नाही रे बाबा, पीट्सवर पण सगळ्यांचा होता.

कागदांचं थोडक्यात सांगतो कारण दोन तीन जणांनी विचारलंय. सोसायटी म्हणून रजिस्टर करायचं तर १८६० चा कायदा, सात माणसं लागतात. मग इन्कम टॅक्सचं १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला करात सूट), पहिल्यांदा तीन वर्षांसाठी प्रोव्हिजनल मिळतं. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर २०२१ पासून सीएसआर १ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. कंपनीच्या बाजूने नियम २०१३ च्या कायद्यातला, नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, ह्यातलं एक जरी असलं तरी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. वेर्ण्यात अशा कंपन्या आहेत हो, त्यामुळे पैसा आहे हे ऑफिसातल्या त्या मित्राचं खरं, पण नुसतं रजिस्टर करून भागत नाही, संस्थेचा तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा रेकॉर्ड पण लागतो. परदेशी पैशाचं आम्ही बघतच नाही, २०२० ला एफसीआरएचे, म्हंजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचे, नियम बदलले, एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, ऑफिस खर्च २० टक्क्यांच्या आत. मोठी संस्था पैसा आणायची आणि गल्लीतल्या लहान ग्रुपला द्यायची हा रस्ता त्याने बंद झाला. कायदा करणाऱ्यांची कारणं काय असतील ती असतील, फटका लहानांना बसला.

सीएसआरबद्दल माझी भीती वेगळी आहे. कंपनीला रिपोर्टमध्ये आकडा पाहिजे, किती पोरं कव्हर केली. आमच्याकडे एक पोरगा आहे, महिनाभर यायचा, मग दोन महिने गायब, बापाबरोबर गावी, मग परत, मग भांडण, मग परत. हा एक पकडायचा की चार की शून्य? आकडा वाढवायला सोपी पोरं लागतात, जी शाळेत जातात, वेळेवर येतात, फोटोत हसतात. आणि ज्याच्यासाठी हे सुरू केलं तो फोटोच्या दिवशी नेमका नसतो. मॅजिक बस, स्लम सॉकर ह्यांनी लाखांच्या गोष्टी केल्या, त्यांना हा त्रास झाला नसेल असं मला वाटत नाही. १०९८ हा पोरांच्या मदतीचा फोन नंबर पण बघा ना, जेरू बिलिमोरियांनी १९९६ ला मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटचा प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेली फोन लाईन, रस्त्यावरच्या पोरांसाठी, रस्त्यावर वाढलेल्या पोरांना सोबत घेऊन, ती पाचशेहून जास्त जिल्ह्यांत गेली आणि २०२३ ला सरकारने स्वतःकडे घेतली. नंबर तोच आहे, चालू आहे, पोरांना आम्ही पाठ करून घेतलाय. मोठं होण्याचा तो एक शेवट, चांगला का वाईट मला ठरवता येत नाही. फोन उचलणारा माणूस गल्ली ओळखणारा असेल तर चांगला.

मुलींचं राहिलं. मॅजिक बसमध्ये मुलगे मुली एकत्र खेळतात, मुद्दाम. आमच्याकडे मुली बारा वर्षांपर्यंत येतात, भन्नाट खेळतात, आणि मग एक दिवस येत नाहीत. आम्हाला वाटायचं आईबाप नको म्हणतात. दुकानवाल्याची बायको एका घरी गेली तेव्हा तिथली अक्का म्हणाली, नको कोण म्हणतंय, रविवारी सकाळीच नळ येतो, पाणी कोण भरणार? भावाला पाठवा म्हटलं तर भाऊ आमच्याकडेच खेळायला आलेला! आता मुलींची वेळ संध्याकाळची केलीय आणि दुकानवाल्याची बायको थांबते. काही परत आल्या, सगळ्या नाही, आणि भाऊ अजून पाणी भरत नाहीत, तो विषय मैदानात घेतला तर पोरं बूट बांधायला बसतात.

तर ग्रुपचं म्हणणं आत्ता असं, रजिस्टर करायचं, पण सात जणांत निदान दोन आमच्याकडे खेळून मोठी झालेली पोरं पाहिजेत आणि एक तरी बाई, आणि तिघेही नावापुरते नाहीत, सहीचा अधिकार असलेले. बाबांचं म्हणणं सात जणांत एक वकील घ्या. गोलकीपर तयार आहे, त्याचं आधार कार्डावर अजून गदगचा पत्ता आहे तो बदलायचं काम चाललंय. दुसऱ्या पोराला अध्यक्षच व्हायचंय, त्याच्याशी बोलणी सुरू. आणि सीएसआरच्या मागे आत्ता लागायचं नाही, आहे त्या पैशात चालवायचं आणि हिशोब दर महिन्याला वस्तीत नळाजवळ कागदावर लावायचा, कन्नडमध्ये पण.

सीए पाहिजे. वास्को नाहीतर चिखली बाजूचा कुणी असेल, फी कमी घेणारा, आणि १२एचं काम आधी केलेला, तर खाली कळवा. आणि पावसाळ्यापुरता एखादा हॉल, शाळेचा रिकामा वर्ग पण चालेल, जून ते सप्टेंबर, रविवारी सकाळी दोन तास आणि मुलींसाठी संध्याकाळी दीड तास. साफसफाई आम्ही करू.